मागच्या खोलीतला भाडेकरू

३ एप्रिल

ठमे,

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू बोलतेस त्यातलं निम्मं मला ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं जाऊबाई फोन ओढून स्वतःच ऐकतात. पोस्टमन अजून येतोय तोवर हेच बरं. दोन दिवसांसाठी म्हणून जावेकडे आले आणि हा लॉकडाउन लागला. जवळ दोन जोडी कपडे, एक चष्मा आणि बोलायला जाऊबाई. म्हणजे त्यांचं ऐकायला मी.

तू माझ्या घरात आहेस म्हणून मला झोप तरी लागते. पण घर सांभाळायचं म्हणजे नुसतं कुंड्यांना पाणी घालायचं नसतं, बाई. खाली दोन बिऱ्हाडं, मध्ये दोन, जिना एकच. सगळ्यांचे हात एकाच कठड्यावरून फिरतात. कठडा रोज साबणाच्या पाण्याने पूस. फाटकाजवळ बादली आणि साबण ठेव. हात धुतल्याशिवाय कोणी आत यायचं नाही, मग तो कोणी का असेना.

आता खरं काम. मधल्या मजल्यावरच्या मास्तरांचा फोन आला होता. निवृत्त झाले तरी माणूस अजून वर्गातच उभा आहे. म्हणाले, खालच्या खोलीतल्या भोंग्याचं काहीतरी करा. तो दिवसभर अँब्युलन्स चालवणार, आजारी माणसं उचलणार, आणि घरी येऊन त्याच बाथरूममध्ये जाणार जे समोरच्या शिवणवाल्या काकू वापरतात. काकूंचा दमा तुला माहीत आहे. माझ्या घरात त्यांना काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू?

भोंग्याला सांग, हे सगळं निवळेपर्यंत दुसरीकडे राहा. मुलगा चांगला आहे, मला मान्य आहे, पण सांगायला हवंच. तू सांग. माझ्याच्याने फोनवर व्हायचं नाही.

मागच्या खोलीचं दार बंद आहे, ते बंदच राहू दे.

आत्या

---

१० एप्रिल

सरसेनापती आत्याबाई,

सगळे हुकूम पाळले. कठडा इतका पुसलाय की रंग जाईल एखाद दिवशी. बादली आहे, साबण आहे, आणि दोरीला बांधलेल्या टोपल्याही आहेत. दूध-भाजी आता टोपलीतून वर जाते. जिन्याचं मी माझ्या डोक्याने केलंय. कोणाला उतरायचं असेल तर आधी दारातून दोन टाळ्या वाजवायच्या. उलट टाळी आली तर आत जाऊन थांबायचं. पहिल्या दिवशी सगळे लाजत होते. आता मास्तरांच्या शेजारच्या बाळवाल्यांचं बाळसुद्धा टाळ्या वाजवतं आणि सगळी बिल्डिंग उगीचच दाराआड थांबून राहते.

मास्तरांचा नळ गळायला लागला. प्लंबर म्हणाला, मी वर येणार नाही. मी म्हटलं, तू आलास तर मीच येऊ देणार नाही. मग तो अंगणात उभा राहून ओरडायला लागला आणि मास्तर आत पाना घेऊन बसले. 'डावीकडे फिरवा! अहो मास्तर, तुमचं डावं!' जन्मभर दुसऱ्यांना सूचना दिलेला माणूस, ऐकायची सवय कुठून असणार? पाण्याचा मुख्य कॉक बंद करायला ते विसरले आणि नखशिखांत भिजले. पण वायसर बसला हो! तेव्हापासून जो भेटेल त्याला वायसर कसा बसवावा ते समजावतात. खिडकीतूनच.

आता भोंग्याचं. गेले मी सांगायला. तो दारातच उभा होता, हातात पिशवी. म्हणाला, 'ताई, तुम्ही नका बोलू. कळलंय मला.' आणि गेला. मला रडूच आलं बघ. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर त्याची गाडी दिसली म्हणून चौकशी केली. लॉज बंद आहेत. हॉस्पिटलमधल्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. हा ड्रायव्हरच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपतो. सकाळी उठून तीच गाडी चालवतो, आणि मागे कोणाची तरी आई असते.

मी त्याला परत आणलंय. रागावू नकोस, पुढचं वाच. तो खालच्या खोलीत राहिला तर काकूंना धोका, हे मलाही कळतं. पण तुझ्या मागच्या खोलीला वेगळं बाथरूम आहे. बाल्कनी आहे. बाल्कनीला अंगणातून लोखंडी जिना आहे, फक्त आतून बाल्कनीच्या दाराला तुझं कपाट लावलंय. तो तिथे राहिला तर कोणाच्याही जिन्यावर त्याचं पाऊल पडणार नाही. तोवर काकू बाळवाल्यांचं बाथरूम वापरताहेत, रोज जिना चढून, धापा टाकत. असं किती दिवस चालणार?

हो म्हण ना गं.

तुझी ठमी

---

१८ एप्रिल

ठमे,

नाही.

तुझ्या टाळ्या चांगल्या, टोपल्या चांगल्या, मास्तर भिजले ते तर फारच चांगलं. जाऊबाईंना वाचून दाखवलं, त्यांना हसून हसून उचकी लागली. पण त्या खोलीचं नाव काढू नकोस. तुझ्या आतोबांचं सगळं आजारपण त्या खोलीत गेलं. त्याच पलंगावर ते गेले. मी अजून तिथली चादर बदलली की उलटीकडून दाराबाहेर पडते, पाठ करून निघता येत नाही मला. ती खोली मी कोणाला दिलेली नाही. तुलाही नाही, आणि तू माझी कोण आहेस ते तुला माहीत आहे.

भाडेकरूशी वागताना मन घट्ट करावं लागतं. मीही करते. सगळ्यांना काही ना काही अडचण असतेच. एकाची अडचण आपली म्हटली की मालकीण म्हणून तुझी संपलीच कथा. काढ त्याला. शब्द कडू वाटतो तर वाटू दे.

इथली हवा कोरडी आहे. मला जरा खोकला झालाय, बाकी ठीक.

आत्या

---

२६ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र मिळालं. खालची खोली रिकामी झाली. मी स्वतः धुऊन काढली, खिडक्या उघड्या टाकल्यात. बाथरूम आता काकू एकट्याच वापरतात. काकू सुखरूप आहेत, मशीन दिवसभर चालू असतं, सगळ्या गल्लीला मास्क शिवून देताहेत. मास्तर शांत आहेत. जास्वंदीला कळ्या आल्यात.

खोकल्याचं नीट लिही. 'जरा' म्हणजे किती? आणि तुझं अक्षर असं का सांडलंय?

ठमी

---

५ मे

खोटारडे!

मास्तरांचा फोन आला. जाऊबाईंनी या वेळी तो मोठ्या आवाजावर लावला, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. 'तुमच्या मागच्या जिन्यावर बूट वाजतात. बाल्कनीत पुरुषाचे कपडे वाळतात.' खालची खोली रिकामी झाली म्हणे! आणि जास्वंद! तुझी जीभ कशी झडली नाही गं ते लिहिताना?

एवढं लिहिलं आणि पत्र दोन दिवस तसंच पडलं. आता पुढचं लिहिते. बसून वाच.

मला ताप आहे. तपासणी झाली, तेच निघालं जे नको होतं. जाऊबाईंना काही नाही. घाबरू नकोस, श्वास बरा आहे, डॉक्टर म्हणाले घरीच वेगळं राहा. पण घर कोणाचं? जाऊबाई इथे भाडेकरू आहेत. त्यांचा घरमालक कमरेला चाव्यांचा जुडगा लावून फिरतो, पायऱ्या चढला की तीन मजल्यांना कळतं. तो काल वर आला आणि दाराबाहेरून जाऊबाईंना ओरडून म्हणाला, 'बाकीच्यांचं मला बघायला हवं. काढा त्यांना.'

तेच शब्द, ठमे. माझेच.

मी आत पांघरुणात होते. एवढी मोठी झाले, पण मला कोणी असं काढलं नव्हतं. कुठे जाऊ मी? तू तिकडे, गाड्या बंद. जाऊबाई दार लावून मुसमुसत बसल्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्याशी भांडत आले गं आयुष्यभर.

रविवारी तो परत येणार आहे. त्याच्याशी काय बोलायचं ते मला ठरवायला हवं. म्हणून विचारते, तू त्या भोंग्याला माझ्या खोलीत ठेवलंस ते नक्की कसं? दार कसं लावलं, जेवण कसं दिलं, कपडे, कचरा, सगळं लिही. रागवायचं ते मी नंतर रागवेन. हे पत्र भाजीच्या गाडीवाल्याबरोबर पाठवतेय, तूही त्याच्याच हाती दे. आणि एक शब्द खोटा लिहू नकोस.

आत्या

---

८ मे

आत्ये, माझ्या लाडक्या आत्ये,

गाडीवाला फाटकात उभा आहे, मी जिन्यात बसून लिहितेय. मुसमुसायला मला वेळ नाही, ते मी रात्रभर करीन.

ऐक. तुझं 'नाही' आलं, दोनदा वाचलं, घडी घातली आणि कपाटाकडे गेले. बाळाचा बाप मदतीला येतो म्हणाला, त्याला वर येऊ दिलं नाही. कपाटातलं सगळं बाहेर काढलं, पाठ कपाटाला, पाय भिंतीला, आणि लोटलं. सरकलं! नाचले मी एकटीच. तुझं ऐकलं नाही, हे कबूल करायला लिहिते. लाज वाटत नाही, खरं सांगते.

आता कामाचं. माझ्या आणि त्याच्या मधलं दार बंद, चहूबाजूंनी पॅकिंगची चिकटपट्टी. त्याची खिडकी सदा उघडी. जेवण बाल्कनीतल्या स्टुलावर. मी ठेवते, कठड्यावर चमचा वाजवते आणि जिना उतरून अंगणात येते, मगच तो दार उघडतो. भांडी त्याची तीच, घासतो तोच. कपडे साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे, मग पिळायचे. कचरा दोन पिशव्यांत बांधून बाल्कनीत, आणि तो लगेच कोणी उचलायचा नाही. जाऊबाईंकडच्या तुझ्या खोलीला गॅलरी आहे ना? मग झालंच की! बाथरूम एकच असलं तर आधी त्या जातील, मग तू, आणि तुझ्यानंतर तू स्वतः सगळं पुसायचंस. अंगात बळ असलं तर. नसलं तर खिडकी उघडी टाकून बराच वेळ कोणी जायचं नाही.

आणि मालकाला हे सांग. त्या खोलीत गेल्यावर भोंगा आजारी पडला. हो, त्याला झालाय. परवाच कळलं. मास्तरांनी तक्रार केली आणि बिल्डिंगला कुलूप लावायला तपासणीवाल्या बाई आल्या. सगळ्यांना उचलून विलगीकरण केंद्रात नेणार होत्या, काकूंनासुद्धा. काकू शिलाई मशीन धरून उभ्या राहिल्या, म्हणाल्या, मला नेलंत तर हेही न्या. मी बाईंना मागच्या जिन्याने नेलं, लांबून सगळं दाखवलं. त्यांनी चिकटपट्टी बोटाने दाबून पाहिली. मग म्हणाल्या, 'याला इथेच राहू द्या. केंद्रात याच्यापेक्षा वेगळं काय करणार आहोत आम्ही?' कुलूप लागलं नाही. पण काकूंची तपासणी व्हायची आहे. माझीही. तिच्यावर सगळं अवलंबून आहे. काकूंना निघालं, तर तू म्हणालीस तेच खरं आणि माझं सगळं चुकलं.

तो पलंगावर झोपत नाही. आतोबांचं मी सांगितलं होतं. खाली गादी टाकून झोपतो, तापातसुद्धा.

गाडीवाला हॉर्न देतोय. दार उघडू नकोस. काढू देऊ नकोस स्वतःला!

ठमी

---

१६ मे

ठमे,

जिंकले!

आला तो रविवारी, खळखळ करत. जाऊबाई दार उघडायला निघाल्या, त्यांना मी खुणेने थांबवलं आणि खोलीच्या खिडकीतून बोलले. म्हटलं, 'भाऊ, मीही घरमालकीण आहे. घर तुमचं, कोण नाही म्हणतंय? पण मला काढलंत तर मी उडत जाणार नाही. तुमच्याच जिन्याने उतरेन, तुमचाच कठडा धरत, खोकत खोकत, दर पायरीला बसत. आत राहिले तर एका खिडकीपलीकडे माझा श्वाससुद्धा जायचा नाही. काय परवडतं ते बघा.'

आयुष्यात पहिल्यांदा चाव्या वाजल्या नसतील त्याच्या. मग मी तुझं सगळं सांगितलं. चिकटपट्टी, स्टूल, चमचा, दोन पिशव्या. आणि टाळ्या! बाजूचे भाडेकरू दारं किलकिली करून ऐकत होते. मला ऐकू येत नव्हतं, पण जाऊबाई म्हणतात, पलीकडची एक बाई म्हणाली, 'बरोबर आहे त्यांचं.' मग दुसरी म्हणाली. मालक खाकरला आणि म्हणाला, 'चिकटपट्टी माझ्या दुकानात आहे.' स्वतः आणून दिली गं! आता या जिन्यातही टाळ्या वाजतात, आणि तो खालून मोठ्याने विचारतो, 'ताई, कचरा नक्की किती वेळ ठेवायचा?'

ताप उतरतोय. जाऊबाई गॅलरीत जेवण ठेवतात, चमचा वाजवतात आणि तिथूनच भांडतात. त्यांच्या हातची चव एवढी बरी आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. त्यांना सांगायचं नाही.

आता तू सांग. काकूंचं काय? दुसरं काहीही लिहू नकोस, आधी तेवढं लिही.

आत्या

---

२४ मे

आत्या!

काकूंना काही नाही! मला नाही, मास्तरांना नाही, बाळवाल्यांना नाही, कोणाकोणाला नाही! भोंगाही बरा झाला, परवा त्याचीही तपासणी स्वच्छ आली. ऐकतेस का? अख्ख्या घरात त्याचा आजार त्याच्या खोलीबाहेर पडला नाही.

काकूंनी निकाल ऐकला आणि आधी मला अंगणातून ओरडल्या, 'एवढा वाळलाय तो, तू त्याला जेवायला घालत होतीस की नुसता चमचाच वाजवत होतीस?' मग त्याच्यासाठी दोन सदरे शिवायला घेतले. त्याचं माप नाही, म्हणून मास्तरांना अंगणात उभं करून अंदाज घेतला. मास्तर उभे राहिले. हात पसरून!

मास्तरांचं तर विचारूच नकोस. तपासणीवाल्या बाई परत आल्या, शेजारच्या बिल्डिंगमधल्या दोघांना घेऊन, आपली व्यवस्था दाखवायला. मी तोंड उघडायच्या आत मास्तर पुढे. 'आम्ही सुरुवातीपासूनच असं ठरवलं होतं की...' आम्ही! बाई माझ्याकडे बघून हसल्या. म्हटलं, बोलू दे त्यांना, चुकीचं काही सांगत नव्हते. वायसरपर्यंत गेले तेव्हा मात्र मी टाळ्या वाजवल्या, सगळे घाईघाईने दाराआड पळाले.

भोंगा सोमवारपासून कामावर जाणार. काल पिशवी भरून ठेवली होती. म्हणाला, 'मालकीणबाई आल्या की त्यांना खोली लागेल. मी बघतो कुठे तरी.' मी म्हटलं, थांब, आधी विचारते. आता तू बोल. मी तुझं एकदा ऐकलं नाही. या वेळी तुझं घर आहे, तू सांगशील ते करीन. अगदी 'काढ' म्हणालीस तरी करीन, फक्त तुझ्याशी परत बोलणार नाही.

ठमी

---

२ जून

ठमे,

तुझं पत्र जाऊबाईंनी तीनदा वाचून घेतलं माझ्याकडून. तिसऱ्यांदा दोघी रडलो. गॅलरीचं दार आता उघडं असतं, एकाच ताटात खातो आणि भांडतोही तिथेच.

गाड्या सुरू झाल्या की मी येते. मालक स्वतः गाडीपर्यंत सोडायला येणार आहे. त्याची आणखी एक बिल्डिंग आहे, तिथे मी चार शब्द सांगावे असं त्याच्या मनात आहे.

आता भोंग्याचं. त्याला पिशवी रिकामी करायला सांग. तो त्याच खोलीत राहील, हा आजार आहे तोवर आणि नंतर त्याला हवं असेल तोवर. आणि तो जमिनीवर का झोपतो? मी इथे तापात पडले होते तेव्हा जाऊबाईंनी मला त्यांचा स्वतःचा पलंग दिला. त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही, पांघरूण ओढलं आणि निघून गेल्या. तुझे आतोबा असते तर त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते, की पलंग झोपण्यासाठी असतो. त्याला सांग, झोप. चादर नवी काढ. कपाटही परत दाराला लावू नकोस, कोणाला तरी देऊन टाक.

पुढच्या खोलीत तू राहा. सगळं घर आता तू बघ. मी इतकी वर्षं भाडेकरू राखले, पण तू माणसं राखलीस, आणि काकूही राखल्यास. मला दोन्ही एकदम कधी जमलं नाही. हे मी मनापासून लिहितेय, नंतर नाकबूल करीन, म्हणून कागद जपून ठेव.

माझं म्हणशील, तर माझे गुडघे आता वर चढत नाहीत. खालची खोली रिकामी आहे असं तूच लिहिलं होतंस. काकूंच्या समोरची. मला ती हवी आहे. एकटी बाई आहे, आवाज थोडा मोठा आहे, ऐकू कमी येतं, पण आधीच्या घरमालकाची काही तक्रार नाही, हवं तर त्याला विचार.

मला भाडेकरू म्हणून घेतेस का, ते विचार करून कळव. खोकला गेलाय.

आत्या